फुग्यांमधलं अक्षर

मास्तर, गुरुवारी दुपारी एक मुलगी घरी येऊन गेली. मराठी कॉमिक्सच्या इतिहासावर ती पुस्तक करते आहे. चित्रकार, अनुवादक, छापणारे, सगळ्यांची नावं तिने हुडकून काढलीत. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत हाताने अक्षर काढणारी आपली जमात तेवढी राहिली होती. सानपाड्याच्या माझ्या हॉलमध्ये तिने पाणबुडीच्या गोष्टीचा आपला जुना अंक टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, "आंटी, हे लेटरिंग कोणाचंय? नाव टाकायचंय पुस्तकात." मी चष्मा लावला, अंक चाळला आणि म्हणाले, "माझं." ते तुमचं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुमचं.

साठीला टेकलेल्या बाईने असं का करावं, हे चार दिवस स्वतःलाच विचारतेय. पावणे एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले, तेव्हा शेजारच्या कारखान्यातल्या रंगाच्या वासाने डोकं उठलं होतं आणि तुम्ही तिरक्या टेबलावर वाकलेले होतात. चित्रं बाहेरून तयार येत, फुगे कोरे. मराठी मजकूर आपण वेगळ्या कागदावर लिहायचा, कापायचा आणि फुग्यात चिकटवायचा. पण फुगे काढलेले दुसऱ्या भाषेच्या मापाने, आणि आपले अनुवादक म्हणजे भाषणबहाद्दर. मी अख्खं वाक्य बारीक अक्षरात कोंबते आहे, तुम्ही मागे येऊन उभे राहता. "आगं, ह्यो फुगा हाय का गोणी? मानूस बुडतोय आन् तू त्याला भाशान द्याया लावतीस." मग तुम्ही पेन घेता, तीन ओळींवर काट मारता आणि 'हात दे!' एवढंच लिहिता. तो माणूस तेव्हा खरोखर बुडायला लागतो. साताऱ्याकडचा, जेमतेम सातवी शिकलेला माणूस अनुवादकाचं वाक्य कापतो, याचं मला आधी हसू आलं होतं. आठवड्याभरात ते गेलं.

एकदा मात्र तुम्ही मला दुखावलंत. एका चित्रात दुकानाची पाटी कोरी होती, तिच्यावर मी माझं नाव बारीक लिहिलं. तुम्ही ब्लेडने ते खरवडलंत. नंतर चहाच्या वेळी म्हणालात, "वाचनारं पोरगं गोष्टीत आसतंया. आपला हात दिसला की ते भायेर येतं." मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, अनुवादकाचं आतल्या पानावर, आपलं कुठेच नाही आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, याचा मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजून येतो.

आणि मग तो सुट्टीचा अंक. मे महिन्यात स्टॉलवर मुलांची झुंबड उडायची, म्हणून एप्रिलभर आपली घाई. त्या घाईत मी दोन फुगे अदलाबदल चिकटवले. सुरा उगारलेला दरोडेखोर म्हणतोय, "आई, भूक लागली," आणि शेजारच्या चौकटीतलं चार वर्षांचं पोर म्हणतंय, "सगळ्यांना बांधून टाका!" अंक छापून गेला. मुलं पोट धरून हसली असतील, मालक हसले नाहीत. ते अंक नाचवत शेडमध्ये आले. तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "माज्याकडनं झालं, सायेब. डोळं साथ देत न्हाईत आता." मी गप्प बसले. पुढे कॉम्प्युटर आला. डोळे गेलेल्या माणसाचा आता काय उपयोग, म्हणत मालकांनी आधी तुम्हाला घरी पाठवलं. मी राहिले. तेव्हाही गप्पच बसले. मग घरोघरी केबल आली, मुलं तिकडे वळली आणि दोन वर्षांत शेडला कुलूप लागलं. तुम्ही गेल्याचंही मला फार उशिरा कळलं.

आज सकाळी मात्र धीर केला. त्या मुलीला फोन लावला आणि म्हणाले, "तो अंक माझा नाही. आमच्या मास्तरांचा आहे." ती खूशच झाली. "अरे वा! पूर्ण नाव सांगा ना त्यांचं. उद्या फाइल प्रेसला जातेय." पूर्ण नाव मलाच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वहीत तुम्ही दोन आद्याक्षरं आणि आडनाव लिहायचात. नऊ वर्षं हाताच्या अंतरावर बसले, पण त्या दोन अक्षरांत कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. नुसती आद्याक्षरं चालणार नाहीत, पुस्तकात सगळ्यांची पूर्ण नावं आहेत, म्हणाली ती. शोधून सांगते म्हणाले. लगेच रिक्षा करून जुईनगरला गेले. तुमच्या बैठ्या घरांच्या जागी मोठी सोसायटी उभी आहे. वॉचमनने तुमचं आडनाव दोनदा विचारून घेतलं आणि मान हलवली. मालक आणि अनुवादक दोघंही आता नाहीत. विचारायचं ते फक्त तुम्हालाच, म्हणून हा कागद घेऊन बसले. तो कुठल्या पत्त्यावर टाकणार आहे मी?

थोड्या वेळापूर्वी तिचा परत फोन आला. "आंटी, टेन्शन नका घेऊ. नाही मिळालं तर तुमचंच नाव ठेवू का?"

मास्तर, मी लगेच नको म्हणाले नाही.