फोटो बंद केल्याशिवाय यादी हलत नाही

३ जानेवारी, शुक्रवार
मंजूताईंच्या वधू-वर केंद्रात आज माझं सॉफ्टवेअर सुरू झालं. यादीतलं नाव दाबा, फोटोचा प्रोग्राम वेगळा उघडतो. सगळं स्वतः लिहिलं. ऑपरेटर खुशबूची पहिल्याच दिवशी कुरकुर. म्हणे, सर, फोटो बंद करेपर्यंत यादी हँग राहते. मी सांगितलं, हँग नाही, थांबून राहते. शिस्त आहे. लोकांत सबुरीच उरली नाही. वीट आला.

६ जानेवारी, सोमवार, सकाळी ११
मुर्रीच्या शामकलाबाई मुलासाठी स्थळ पाहायला आल्या. दोन मुलींचे फोटो बाजूबाजूला ठेवून पाहायचे म्हणे. जमत नाही. एक पाहा, बंद करा, मग दुसरी. त्या म्हणाल्या, भाजी घेतानाही दोन जुड्या हातात धरून पाहतो जी. मुलींची तुलना पालकाच्या जुडीशी. किळस आली. उठून गेल्या.
दुपारी खुशबू म्हणे, फोटोचा प्रोग्राम सुरू करून सोडून द्यायचा, तो बंद व्हायची वाट पाहायची नाही, एवढंच बदलायचं. मी करू का, सर? बीसीए झाली म्हणून मला शिकवून राहिली. उद्या मीच करीन, तिच्यापेक्षा चांगलं.

९ जानेवारी, गुरुवार
केलं नाही. मंगळवारी लाईट नव्हती. बुधवारी होती, मूड नव्हता. आज यादीवर 'कृपया थांबा' अशी गुलाबी पाटी टाकली. नव्वद टक्के प्रॉब्लेम सुटला. पाटी दिसत नाही, कारण तेव्हा यादीच हँग असते. पण आहे.

१२ जानेवारी, रविवार
परिचय मेळावा. चारशे लोक, मोठा पडदा. कॉम्प्युटरवर मीच बसलो. यादीत एक नंबरला टेस्टिंगसाठी माझाच फोटो होता: रूपेश, वय ३६, सॉफ्टवेअर. तो दाबला. उघडायला वेळ लागला, यादी पांढरी पडली, म्हणून दाबतच राहिलो. बावीस वेळा. मशीनने एकही दाब वाया घालवला नाही. एक फोटो बंद केला की पुन्हा मीच.
नागऱ्याचे दुधरामजी मुलगा आणि मुलगी, दोघांचं जमवायला आलेले. पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, हाच पोरगा काऊन येऊन राह्यला घडीघडी, याचं जमल्याबिगर दुसऱ्याचा नंबर नाही का? सगळा हॉल हसला. दात काढणारी, सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळणारी तोंडं. मंजूताईंनी माइक खाली ठेवला.
खुशबूने मला खुर्चीवरून उठवलं. चहा वाटेपर्यंत तिने दोन ओळी बदलल्या. मग फोटो बाजूबाजूला उघडू लागले, यादीही चालत राहिली. नऊ घरांची बोलणी सुरू झाली. त्या दोन ओळींवर एकही कॉमेंट लिहिलेली नाही. असलं गचाळ काम मी करत नाही.

१३ जानेवारी, सोमवार
मंजूताईंचा फोन. आजपासून सॉफ्टवेअर खुशबू पाहील. चुकीचा निर्णय. फक्त विचारलं, काल माझा फोटो इतक्यांदा दिसला, कोणी चौकशी केली का? ताई म्हणाल्या, दुधरामजींनी केली. मी पेन उघडलं, पान काढलं, सांगा म्हटलं.
त्यांना खुशबूची माहिती पाहिजे. मुलासाठी.