अमेरिकन नाच आणि यांचा गुडघा

ता. ९ जाने. १९४४, रवि. भिंगार कॅम्प

सकाळी बूट घालता घालता हे म्हणाले, "महिनाअखेर क्लबात डान्स आहे. आपण दोघांनी नाचायचं." मला वाटलं चेष्टा. चेहरा तसा नव्हता.

आफ्रिकेच्या लढाईत यांच्या डाव्या गुडघ्यात तोफगोळ्याचा तुकडा शिरला. तो काढला, पण जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो. फेब्रुवारीत डॉक्टरांचं बोर्ड, पलटणीत ठेवायचं की नाही ते ठरवणार. त्याआधी कर्नलसाहेबांचा शेरा जाणार, आणि ते डान्सला असणार.

"मी धड आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर घरी बसवतील. सोनईला जाऊन काय करू, मोट हाकू?"

चारचौघांत नवऱ्याने कमरेला हात घालायचा. छे.

ता. ११, मंगळ.

मिसबाईंकडे गेले. मिशनच्या शाळेत त्यांच्याकडेच पेटी शिकले. मूळच्या अमेरिकेतल्या, मराठी माझ्याहून स्वच्छ. नाचाचं नाव काढताच त्यांनी आधी दार लावलं. मिशनला नाच खपत नाही.

मग म्हणाल्या, "कुसुम, इंग्रज लोक जोडी सोडतच नाहीत. पुरुषाला सगळी खोली फिरावी लागते. आमच्याकडे हात लांब करून बाईला मोकळी सोडतात. ती फिरते, तो जागेवर थांबला तरी शोभतं. तुझ्या नवऱ्याला हेच हवं."

फोनोच्या कर्ण्यात टॉवेल कोंबून तबकडी लावली. सावकाश, सावकाश, झट् झट्. निऱ्या सारख्या पायात. घामाघूम. शाळेतलं कुणी आलं असतं तर...

ता. १५, शनि.

घरी सराव. दारं बंद, पडदे ओढून. युक्ती सापडली. डाव्या पायावर भार आला की यांचा हात माझा हात दाबतो. लगेच मी गिरकी घेऊन लांब जायचं. लोक मला बघणार, तेवढ्यात हे सावरणार.

आज जमलं. हे मोठ्याने हसले. परत आल्यापासून असे हसले नव्हते. मलाही आवडलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

ता. १८, मंगळ.

सासूबाई सोनईहून तिळगूळ घेऊन आल्या, न कळवता. आम्ही ऐन गिरकीत.

"आगं बया! ही काय थेरं म्हनायची?"

यांनी हसत सगळं सांगून टाकलं, बोर्डाचंही, आणि परेडला गेले. सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या.

"पाय बरा दिसला तर काय करत्याल?"

"परत पलटणीत घेतील."

"आन् मंग?"

"पलटण ब्रह्मदेशाकडे जाणार म्हणतात."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग अगदी हळू, "म्हंजी तू त्याला लढाईवर धाडाया नाचतीस व्हय गं?"

माझी भाकरी करपली.

ता. २२, शनि.

सासूबाई गेल्या. तो प्रश्न इथेच राहिला. भाजी चिरताना, वेणी घालताना, तोच.

ठरवलं. डान्सच्या दिवशी गिरकी घ्यायची नाही. हात दाबला की सोडून द्यायचा. गुडघा वाकेल, सगळे बघतील, संपलं. घरी. जिवंत.

पण खाली पडल्यावर हे माझ्याकडे कसे बघतील ते डोळ्यांपुढे येतं, आणि पुढचं सुचत नाही.

ता. ३० जाने., रवि.

काल डान्स झाला. निळं पातळ. मडमा माझ्या पायांकडे बघत होत्या.

यांनी माझा हात दाबला. मी ठरवलेलं सगळं आठवत होतं, शपथ. पण बोटं सोडेनात. गिरकी घेतली. पुन्हा दाबला, पुन्हा घेतली. टाळ्या पडल्या. यांचं कपाळ घामाने भिजलेलं, आणि चेहरा लग्नातल्यासारखा.

मग कर्नलसाहेब आले आणि मला नाचायला विचारलं. नाही म्हणायची सोय नाही. ते इंग्रजी पद्धतीचे, हात सुटायचा नाही. कोपऱ्यात गेल्यावर विचारलं, यांचा पाय कसा आहे आता? साधंच, हवापाण्याचं विचारावं तसं.

मी म्हटलं, "लेग पेन, सर. व्हेरी मच."

त्यांचं पाऊल चुकलं नाही. बाजा थांबला. मग मला यांच्याजवळ आणून सोडलं आणि यांच्या पाठीवर थाप मारली.

परतताना टांग्यात हे शीळ घालत होते. "बघितलंस? खूष आहेत साहेब. तुला काय म्हणाले?"

"पातळ छान आहे म्हणाले."

ता. १ फेब्रु., मंगळ.

मिसबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवऱ्याला सांग. दुसऱ्याकडून कळायच्या आत." बरोबर आहे. उद्या सांगेन.

ता. २, बुध.

नाही सांगितलं. सकाळी हे कठडा न धरता जिना उतरून दाखवत होते.

ता. ३, गुरु.

दुपारी हे लवकर आले. "कर्नलसाहेबांनी उद्या सकाळी बोलावलंय. दोघांना."

"दोघांना? मला कशाला?"

"तेच कळत नाही. बायकांना कधी बोलवत नाहीत. नाच आवडला असेल."

व्हरांड्यात बसून बुटांना पॉलिश करताहेत. आता सांगायचंच म्हणून उठले, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

उद्या कोणतं पातळ नेसू, एवढंच विचारलं आणि परत आले.