फिकं पान

१२ नोव्हेंबर
वृषालीचा फोन. रडत होती. सांगवीतल्या आमच्या मळ्यातलं विड्याचं पान व्यापाऱ्यानं परत पाठवलं. एवढं मोठं, हिरवंगार – आणि चावलं तर नुसता पाला! अप्पा तिच्यावर उखडलेत. पोळ्याच्या दिवशी अप्पांना मळ्यात चक्कर आली, म्हणून ती आत धावली होती. चपला बाहेर काढून. पण आमच्याकडं बाईमाणूस पानमळ्यात जात नाही. अप्पा म्हणतात, "तू आत पाय ठिवलास आन् येल रुसला." संक्रांत झाली की मळा मोडून ऊस लावणार.
धाकटी बहीण माझी. बापाला खांद्यावर आणलं, त्याचं हे बक्षीस.

१४ नोव्हेंबर
दिवसभर मिऱ्याची पोती उतरवली. नाकात, डोळ्यांत मिरी. इथं केरळात, कारखान्यात, मिऱ्याचा अर्क काढतात. पाच महिने टिकलोय, हेच नवल.

१७ नोव्हेंबर
अर्क तपासणाऱ्या मॅडमना लॅबमध्ये जाऊन विचारलं. मोडकी हिंदी, माझी आणि त्यांचीही. म्हणाल्या, नागवेल आणि मिरी एकाच कुळातली. त्यांचा तिखटपणा आपल्यासाठी नसतो. किडा कुरतडतो, बुरशी चढते. वेलाला पळता येत नाही, म्हणून तो अंगातच औषध बनवतो. पानात तेल, मिऱ्यात झणका.
मी आजवर सहा कामं सोडून पळालो. वेलाला ती सोय नाही.
मग त्यांनी विचारलं, "खाद कितना डालते हो?"
पोती उतरवायची राहिलीत म्हणून मी तिथून निघून आलो.

१८ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो. युरिया मीच वाढवायला लावला. गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा – दुप्पट, आणि पाणी रोज. पान तळहाताएवढं झालं. गावभर मिरवलो. मॅडम म्हणतात, पोट भरलेला वेल नुसता फोफावतो, तेल कमी पडतं. वेलाच्या आधाराला लावलेल्या शेवरीची सावलीही दाट झाली असेल. बहुतेक हेच.

१९ नोव्हेंबर
फोन केला नाही.

२० नोव्हेंबर
केला.
"अप्पा, चूक माझी हाय. वृषालीची न्हाय."
पलीकडं त्यांनी आधी पाण्याची मोटार बंद केली.
"तवा लई शाणपणा शिकवत हुतास."
"व्हय."
"पोरीला बोललो मी. चार मान्सांत."
सांगितलं – युरिया बंद करा, शेवरीच्या फांद्या छाटा, ऊन येऊ द्या, पाणी बेतानं. "बगू," म्हणाले आणि ठेवला.
आज भात दोनदा वाढून घेतला.

२८ डिसेंबर
वृषाली सांगत होती – नवं पान लहान आहे, पण जाड. अप्पांनी बांधावर बसून चावलं. "कान गरम झालं," एवढंच बोलले तिच्याशी. चुकलो वगैरे काही नाही. ते आमच्या घरात कुणालाच लवकर जमत नाही.
मॅडमनी विचारलं, लॅबमध्ये हाताखाली येतोस का? मला! नववी नापास माणसाला. हो म्हणालो. बरं वाटतंय. बॅग रिकामी करून पलंगाखाली सरकवली.

२ फेब्रुवारी
घरून फोटो आला. मळा तसाच उभा आहे. वाढलेले वेल खाली घेऊन, नव्यानं फुटावेत म्हणून गुंडाळून मातीत पुरायचं काम चाललंय. मधोमध वृषाली, अनवाणी, कोपरापर्यंत माती. फोटो अप्पांनी काढलाय. निम्म्या फोटोत त्यांचं बोट आहे.