पायाळूचा हात

कर्जत, जि. नगर, १४ नोव्हेंबर १९७२

चि. गोरक्षनाथ यास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आलास आणि भाऊबीजेआधीच मुंबईची गाडी धरलीस. तू पायाळू, जन्मताना तुझे पाय आधी आले. लहानपणी तुझा पाय पाठीला लागला की निम्म्या गावाची उसण पळायची. तुझी छबूबाई काकू दुष्काळी कामावर खडी फोडून पाठ धरून आली आणि मोठ्या विश्वासाने तुझ्यापुढे पालथी झोपली. तू पाय तर लावला नाहीसच, वर मुंबईहून आणलेल्या मित्रादेखत सगळ्यांना अडाणी म्हणालास. भरल्या अंगणात माझी मान खाली गेली.

बन्सी सरपंच म्हणाले, तो मुंबईला शिकतोय ती फिजिओथेरपी म्हणजे लुळ्यांना चालतं करायचं ना, मग ते पोरगं पाळण्यापासून करतंयच की! मीही हसलो, काय करतो. छबूबाई मात्र तुझीच बाजू घेते. तिची पाठ अजून दुखते.

लोभ आहेच, राग ओसरला की वाढेलही.
रखमाजी

मुंबई, २१ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप आप्पांचे चरणी गोरक्षनाथाचा शि. सा. न. वि. वि.

हा अभ्यास का निवडला, असं सरांनी वर्गात विचारलं होतं. कुणाची डॉक्टरी हुकली होती, एकीच्या भावाला पोलिओ झालेला. मी म्हणालो, व्यायामाची आवड आहे. लोक पाठ धरून यायचे आणि हसत उठून जायचे, ते मला फार आवडायचं, हे खरं कारण सांगायची लाज वाटली. मित्रासमोरही तीच लाज आडवी आली. पुढे खेळाडूंच्या दुखापतींचं काम करावं म्हणतो, त्यात मान आहे.

काकूंना गरम विटेचा शेक द्या, उतार पडेल.

कृपा असू द्यावी.
आपला गोरक्षनाथ

नगर, ८ डिसेंबर १९७२

चि. गोरक्षनाथास आशीर्वाद.

हे दवाखान्यातून लिहितो आहे. शेकाने उतार पडेना. तुझ्यावरच्या रागाने मीच छबूबाईला बैलगाडीत घालून दुसऱ्या गावच्या पायाळूकडे नेलं. लाथ बसली आणि तिचे पाय गळाले. डॉक्टर म्हणाले, मणक्याला आधीपासून क्षय होता, कुणी नीट हात लावून पाहिलं असतं तर शंका आली असती. औषधाने पायांत बळ येईलही, पण खात्री देत नाहीत. धाकट्या भावासमोर मला उभं राहवत नाही.

ती मात्र म्हणते, पोराचा पाय न्हाई लागला ह्येच लई बरं झालं, न्हाईतर जल्मभर मनाला लावून घेतलं आसतं त्यानं.

आणखी काय लिहू.
रखमाजी

मुंबई, १३ डिसेंबर १९७२

तीर्थरूप आप्पांस शि. सा. न.

दोष एकट्याचा घेऊ नका. आधी हात लावून पाहायचं, मग उपाय सांगायचा, हा आमचा पहिला धडा. मी न पाहताच शेक लिहून धाडला. काकूंचं ते बोलणं वाचून जेवण गेलं नाही.

सरांना सांगितलं, खेळाडू नकोत, मणक्याचे आणि लुळे पडलेले रुग्ण द्या. त्यांनी कारण विचारलं. या वेळी सगळं सांगितलं, अंगणासकट.

शनिवारी येतो. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा काकूंच्या पायांचा व्यायाम मी करून घेईन. मी हात लावलेला चालेल का, एवढं तुम्ही त्यांना आधी विचारून ठेवा. मला समोर विचारवणार नाही.

उरला असेल तेवढा लोभ राहू द्यावा.
गोरक्षनाथ