वाक्याचं शेपूट

ता. ८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोली मिळाली, बसस्थानकावर गाड्या पुकारायची नोकरीही सुरू झाली. इथली माणसं प्रत्येक वाक्याचं शेपूट ताणतात आणि वर धरून ठेवतात. आपलं बोलणं पडलं तुटक. पहिल्याच दिवशी लाउडस्पीकरवरून मी फलाट तीनची गाडी पुकारली आणि बाकांवरचे सगळे फिदीफिदी हसले. त्या हसण्यात दोघी बायकांची गाडी सुटली. चहावाला आता मला बघितलं की माझीच नक्कल करतो. साहेबांनी निक्षून सांगितलंय, इथल्यासारखं बोला. म्हणून संध्याकाळी खोलीत भिंतीला गाड्या पुकारून दाखवतो. दिवसभर शेकडो माणसांशी बोलतो गं, पण एकाशीही बोलणं होत नाही.

आईला नमस्कार सांग. या एकट्या जिवाची आठवण ठेव.

तुझा,
धाकटा

ता. १९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इतके महिने पत्रांवर भागवलंस आणि परवा फोन केलास तो नेमका मी शिवणवर्गात असताना. आईने उचलला. मी आल्यावर म्हणाली, कुणी गोडबोल्या कर्ज गळ्यात मारायला बघत होता, वर म्हणे आई, मी बोलतोय. तिने त्याला चांगलं फैलावर घेऊन फोन ठेवला. नंबर बघते तर तुझा! आधी मला हसू फुटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. डोळे गेल्यापासून ती शेजाऱ्यांना नुसत्या पावलांवरून ओळखते रे, आणि पोटच्या पोराला नाही? तिला अजून सांगितलेलं नाही. काय करू ते कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच.

तुझी,
ताई

ता. २७ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला सांगू नकोस. डोळे तर गेलेच, आता कानही दगा देतात म्हणून ती हाय खाईल. तिने फोन ठेवल्यावर पुन्हा लावायचा मला धीर झाला नाही. इथे आता कुणी हसत नाही, साहेब शाबासकी देतात. पण काल खोलीत आपल्यासारखं बोलून बघितलं, तर मीच माझी नक्कल करतोय असं वाटलं. घाबरलो गं.

रविवारी सकाळी फोन करतो. तू उचल, आईजवळ ठेव आणि तिला बोलतं कर. भाजीवाल्याला नावं ठेवू दे, तुला ओरडू दे. मी तोंडातून शब्द काढणार नाही. ऐकता ऐकता जीभ वळली, तर आपणहून तिला हाक मारीन.

दोघींचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. फोनवर कोण आहे असं तिने विचारलंच, तर कुणी नाही म्हणून सांग.