आमचे यान उशिरा उतरले

बुधवार, सायंकाळ. ठाकुर्ली.

अखंडसोफासनाधीश्वर, रिमोटधारी, एकसदस्यीय-कुटुंबप्रमुख आम्ही, आज चंद्रावतरण एकट्याने अवलोकिले. पडद्यावर यान अधांतरी असतानाच भिंतीपलीकडे जल्लोष उसळला. शेजाऱ्यांचे उतरले; त्यांचा टीव्ही आमच्याहून काही क्षण पुढे. आमचे अजून अधांतरीच. टाळीसाठी उचललेल्या हातांचे तोवर काय करावे?

अखेर उतरले. पुण्यास कन्येला फोन लावला.

“उतरले गं!”

“बाबा, केव्हाच! पेढेसुद्धा संपले. ठेवू का? घर भरलंय.”

मग टाळी वाजवली. रिकाम्या घरात एका माणसाची टाळी फार मोठी ऐकू येते.

केबलवाल्याकडे विलंबाची तक्रार नोंदवली. म्हणाला, “काका, सगळ्यांना असंच दिसतं.”

मग पलीकडच्यांचे आधी कसे उतरले? त्याने फोन ठेवला.