खडकावरचं गाव, खडकाखालचं गाव

२ मार्च, रविवार
यशूचा फोन. मार्कोच्या घरी २२ तारखेला जेवायला बोलावलंय, आम्हा नवराबायकोला. त्याचे आईवडील इथलेच, जर्सीत जन्मलेले. पण वडिलांची आई, जिला सगळे नोन्ना म्हणतात, ती इटलीहून आलेली. ऑर्व्हिएतोची. रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधलं लहानसं शहर. "नोन्नाला तुम्ही आवडलात की लग्न पक्कं समज," यशू म्हणाली. आणि लगेच, "आई, प्लीज, अभ्यास करून येऊ नकोस."
संध्याकाळी लायब्ररीतून ऑर्व्हिएतोवरचं पुस्तक आणलं.

५ मार्च
शहर एका खडकावर आहे. ज्वालामुखीच्या राखेचा दगड, वरून टेबलासारखा सपाट, चहूबाजूंनी सरळ तुटलेले कडे. रेल्वे स्टेशन खाली, शहर वर. दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाडीतून चढायचं. घरांखाली कोरलेल्या गुहा, त्यांत कबुतरांसाठी ओळीने खोबण्या. पाळायची, मग खायची. रोमनांनी जिंकल्यावर मूळच्या लोकांना उठवून दूर तळ्याकाठी नेऊन बसवलं. इथे पेन्सिलीने खूण करणार होते, पुस्तक लायब्ररीचं आहे हे वेळेत आठवलं.
मिलिंद: "परीक्षा कधी आहे?"
म्हटलं, बावीसला.

८ मार्च
आज विहीर. रोममधून पळून आलेल्या एका पोपने खोदवलेली, वेढा पडला तर वर पाणी असावं म्हणून. खोल, गोल. आणि भिंतीच्या आतून वळत जाणारे दोन जिने, एकमेकांना कुठेच न भेटणारे.
चित्र पाहिलं आणि मनात पहिला प्रश्न हा: कुठला जिना कुणाचा?
पान उलटेपर्यंत धीर नव्हता. एक उतरायचा, एक चढायचा. पाणी वाहणारी खेचरं वाटेत समोरासमोर येऊन अडकू नयेत म्हणून. बस, खेचरांची सोय!
सुटल्यासारखं वाटलं, हसले, मग हसू राहिलं नाही. आजीच्या गावी, वर्ध्याकडे, विहीर एकच होती आणि ती आमची नव्हती. आजी घागर घेऊन कडेला उभी राहायची, कुणाला दया येईपर्यंत. मी ते पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. तरी हजारो मैलांवरच्या, शेकडो वर्षं जुन्या विहिरीकडे मी त्याच नजरेने बघते. जगातला प्रत्येक जिना आपल्याला वगळण्यासाठी बांधलेला नसतो. हे स्वतःला सांगायला हवं.

११ मार्च
कशाला एवढं वाचतेय, ते लिहूनच टाकते. भीती वाटतेय.
यशूचं याआधी ज्या मुलाशी जमलं होतं, त्याच्या वेळी असंच जेवणं-खाणं झालं होतं. मराठीच घर, त्याची आई फार गोड. मला "अगं" म्हणायला लागली होती. मग एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सहज विचारल्यासारखं: माहेरचं आडनाव काय गं? मूळ गाव कुठलं? मी सांगितलं. बौद्ध दीक्षेबद्दलही सांगितलं. "हो का, छान," म्हणाली. महिन्याभरात मुलगा यशूला म्हणाला, घरी थोडे इश्यूज आहेत. यशू दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही.
मी आधीच सांगितलं असतं तर ती एवढी गुंतली नसती, असं मला वाटत राहतं. म्हणून यावेळी आधी सांगायचं. जेवायच्या टेबलावरच.
यशू वैतागली. "आई, दे डोंट इव्हन नो व्हॉट इट इज! तुला कशाला जाऊन त्यांना शिकवायचंय?"
मि. म्हणाला, "सांग ना. फक्त जेवण झाल्यावर सांग."

१६ मार्च
भेट म्हणून काय न्यायचं? संत्रा बर्फी मिळाली, बहिणीने नागपूरहून येताना आणलेली, डबा न फोडलेला.
यशूच्या प्रश्नावर विचार. प्रामाणिकपणा म्हणून सांगायचंय, की त्यांनी "सो व्हॉट?" म्हणावं आणि मला मोकळं करावं म्हणून? दुसरं असेल तर मी त्यांच्याकडून फुकट प्रमाणपत्र मागतेय. ठरत नाहीये.

२३ मार्च, रविवार
काल झालं.
नोन्ना लहानखुरी, ऐकू कमी येतं, नजर मात्र तीक्ष्ण. मी घाबरले की जास्त बोलते. सूप संपायच्या आत मी कॅथीड्रलचे काळे-पांढरे पट्टे (काळा दगड बेसॉल्ट, आपल्या दख्खनचाच भाऊबंद), गुहा, कबुतरं, पोपची विहीर, सगळं सांगून टाकलं. मार्कोचे वडील कौतुकाने ऐकत होते. यशू टेबलाखालून पाय मारत होती.
नोन्नाने काटा खाली ठेवला. "मी त्या विहिरीत कधी उतरले नाही," म्हणाली. "मी ऑर्व्हिएतोची नाहीच."
मार्कोचे वडील: "मा! काय बोलतेस?"
तिचं घर खडकाखाली, नदीकाठच्या शेतात. जमीन मालकाची, तो वर राहायचा. पीक अर्धं त्याचं. बाजाराच्या दिवशी ती आईबरोबर अंडी घेऊन वर जायची, तेव्हा वरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. अमेरिकेला येताना बोटीवर कुणीतरी गाव विचारलं, तिने खडकाकडे बोट दाखवावं तसं ते नाव सांगितलं. तेच राहिलं.
"आणि आम्हाला इतकी वर्षं?" मार्कोचे वडील.
"तुम्ही कुणी नीट विचारलंच नाही. ही बाई एवढं वाचून आलीय," माझ्याकडे हात करून, "आता गल्ली विचारणार. म्हटलं आपणच सांगावं."
सगळे हसले. मीही. मग माझ्या लक्षात आलं की आता गप्प बसले तर या म्हातारीला एकटीला उघडं पाडल्यासारखं होईल. जेवण अजून संपायचं होतं. मि.कडे पाहिलं, त्याने भुवया उडवल्या.
सांगितलं. आजीची घागर. मग धर्म बदलला तो, का बदलला ते. थोडक्यात. 
नोन्ना: "अजूनही?"
"इथेही. कधीकधी."
यशूने मान वर केली नाही. "आय नो, आई," हळू म्हणाली. म्हणजे तिला तेव्हाचं कारण ठाऊक होतं. मी ते लपवत होते, आणि तीही.
मार्कोची आई उठली. "कॉफी कोणाकोणाला?" सगळ्यांनाच हवी होती. नोन्ना मार्कोशी इटालियनमध्ये काहीतरी बोलली, त्याचे कान लाल झाले. त्याने भाषांतर केलं नाही आणि मी विचारलं नाही. बर्फी संपली.
परत येताना गाडीत मि. म्हणाला, "जेवण झाल्यावर म्हटलं होतं." मग बराच वेळ दोघंही हसत होतो, काही विनोद नसताना. त्यांना काय वाटलं ते माहीत नाही. पण माझं ओझं उतरलं.

२५ मार्च
एक खटकतंय. नोन्नाचं आणि आमचं सारखं नाही. रुमाल लावला तरी तिला वरच्या नळाचं पाणी पिता येत होतं, आणि नुसतं गावाचं नाव बदलून तिचं भागलं. टेबलावर मी हा फरक सांगितला नाही, सोपं पडलं म्हणून. पुन्हा भेटलो की सांगायला हवा. तिला तो कळेल असं वाटतं.
तरी झोप छान लागतेय.

२८ मार्च
मार्कोच्या आईचा मेसेज: रविवारी आम्ही तुमच्याकडे येऊ का? नोन्नाला तुम्हाला काही प्रश्न विचारायचे आहेत.
कसले प्रश्न? मि. म्हणतो, "प्रश्न विचारायला तरी येतायत ना."
मार्कोला विचारू का, असं यशूला म्हटलं. "डोंट यू डेअर."
हॉल आवरला. बुद्धाची मूर्ती पाहून त्यांना काही वाटणार नाही, ती इथे सगळ्यांच्याच घरात शोभेला असते. शेजारी निळ्या कोटातला फोटो. नोन्ना बघताच विचारणार: हे कोण, तुझे वडील?
हो म्हटलं तरी ते खोटं होणार नाही. मग बाकीचं सांगायला घेईन, चहा निवला तरी चालेल.